नवी इमेज आली म्हणून जुना सर्व्हर पुसू नका

सणाच्या तोंडावर काहीही रिलीज करू नये, हे मी पंचवीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले आणि यंदा स्वतःच विसरले. वाचनालयांना आम्ही जो तयार लिनक्स सर्व्हर देतो, त्याची नवी इमेज, म्हणजे सगळं बसवून तयार केलेल्या डिस्कची प्रत, गणपतीच्या चार दिवस आधी बाहेर काढली, सगळ्यांना मेल टाकला आणि लोअर परळच्या गाळ्याला कुलूप लावून गावी गेले. गावात रेंज अंगणातल्या एका कोपऱ्यात येते. तिथे उभी राहिले की फोन टणटण वाजायचा. त्यातले काही प्रश्न आमच्या ग्राहकांचे होते, काही या सदराच्या वाचकांचे. एकाच गावच्या वाटा आहेत म्हणून या महिन्यात तेच घेते.

ताई, आमचं गिरगावातलं जुनं वाचनालय. नऊ हजार पुस्तकांच्या नोंदी कोहा या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवून झाल्यात, अजून अडीचेक हजार बाकी आहेत. सर्व्हर तुमच्याकडूनच २०२२ साली बसवला. आता तुमचा मेल आला की नवी इमेज तयार आहे. समितीतल्या एकांच्या मुलाने ती पेनड्राइव्हवर उतरवलीसुद्धा, आणि रविवारी येऊन टाकतो म्हणाला. मी त्याला थांबवलंय. सर्व्हर रोज आपला आपण अपडेट होतो असं तुम्हीच सांगितलं होतंत. मग नवी इमेज कशाला? आणि टाकली तर आमच्या नोंदी राहतील ना?
— ग्रंथपाल, गिरगाव

काका, थांबवलंत ते फार बरं केलंत. मुलाला चहा पाजा आणि पेनड्राइव्ह ठेवून घ्या. ती इमेज डिस्कवर लिहिली की आधीचं सगळं गेलं. नऊ हजार नोंदी, सभासदांची खाती, कुणाकडे कुठलं पुस्तक आहे ते, सगळं. लिहिण्याआधी ते सॉफ्टवेअर एकदा विचारतं, पण इंग्रजीत विचारतं आणि लोक वाचायच्या आधी ‘यस’ दाबतात.

आता इमेज म्हणजे काय ते सांगते. मी इथे रिकाम्या डिस्कवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) बसवते, त्यावर कोहा, त्याला लागणारा मारियाडीबी डेटाबेस, अपाची हा वेब सर्व्हर, मराठीची सोय, रात्रीचा बॅकअप असं सगळं जुळवते, आणि मग त्या अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत एका फाइलीत काढते. ती फाइल तुमच्या डिस्कवर उतरवली की माझं दोन दिवसांचं काम तुमच्याकडे अर्ध्या तासात उभं राहतं. पण ज्या दिवशी प्रत काढली त्या दिवशी ती गोठली. दुसऱ्या दिवशी एखाद्या पॅकेजात, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एखाद्या पुड्यात, चोराला शिरता येईल असं भोक सापडलं, तर त्या फाइलीत ते भोक तसंच राहतं. तुमचा सर्व्हर मात्र गोठलेला नाही. तो रोज पहाटे डेबियनच्या भांडारातून सुरक्षेचे अपडेट ओढून घेतो. म्हणजे २०२२ ची इमेज शिळी झाली, पण २०२२ मध्ये तिच्यातून उभा राहिलेला तुमचा सर्व्हर शिळा झालेला नाही. मेलच्या पहिल्या ओळीत मी हे लिहायला हवं होतं: ‘ज्यांचा सर्व्हर चालू आहे त्यांनी आज काहीही करायचं नाही.’ त्याऐवजी मी ‘नवीन आवृत्ती उपलब्ध’ असं ठळक अक्षरात लिहिलं. घोटाळा तिथेच झाला.

नवी इमेज लागते ती आज पहिल्यांदा सर्व्हर बसवणाऱ्याला. त्याने तीन वर्षांपूर्वीची उतरवली, तर पहिल्याच दिवशी शेकडो पॅकेजं खाली खेचावी लागतात आणि ती येईपर्यंत मशीन तीन वर्षांची भोकं घेऊन नेटवर उभं असतं. दुसरी अडचण जास्त गमतीची. दुकानातून नवंकोरं पीसी आणलं आणि जुन्या इमेजमधल्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, त्याचं नेटवर्क कार्डच ओळखता येईना. अपडेट आणायला नेट लागतं आणि नेट चालायला अपडेट लागतो. दादरच्या एका वाचनालयात या फेऱ्यात मी आख्खी दुपार घालवली आहे. शेवटी फोनला केबल लावून फोनचंच नेट दिलं.

तरी तुम्हालाही कधीतरी हलायचं आहेच. तुमचा सर्व्हर डेबियन ११ वर आहे, ‘बुल्सआय’. ते १४ ऑगस्ट २०२१ ला आलं आणि त्याचे लांबवलेले सुरक्षा-अपडेट ३१ ऑगस्ट २०२६ ला संपतात. त्यानंतरही सर्व्हर चालेल, कोहा उघडेल, पुस्तकं दिली-घेतली जातील. फक्त रोज पहाटे जे यायचं ते येणं बंद होईल. चाळीला टेकू लावून किती वर्षं काढता येतात, हे गिरगावकरांना मी काय सांगायचं. पण परीक्षांच्या दिवसांत अभ्यासिका भरलेली असताना हे काम काढू नका, दिवाळीच्या सुट्टीनंतरचा एखादा निवांत आठवडा धरा.

माझा सल्ला असा: आहे त्याच डिस्कवर ११ चं १२ करता येतं, पण तुमच्याकडे संगणकाचा माणूस कायमचा नाही, म्हणून ते नको. नवी एसएसडी डिस्क घ्या आणि नवी इमेज तिच्यावर टाका. जुनी डिस्क काढून, तारखेची चिठ्ठी लावून, बाइंडिंगच्या कपाटात सहा महिने ठेवून द्या. काही फसलं तर दहा मिनिटांत जुनी डिस्क परत लावून कामाला लागता येतं. या सोयीपुढे एसएसडीचे पैसे काहीच नाहीत.

नोंदी हलवायच्या म्हणजे, कोहा रोज रात्री स्वतःचा जो बॅकअप काढतं तो उचलायचा. त्याच्या दोन फाइली असतात, एक डेटाबेसची आणि एक सेटिंगची. दोन्ही लागतात. आणि नेहमीच्या मांडणीत कोहा फक्त शेवटच्या दोन दिवसांचेच बॅकअप ठेवतं, जुने पुसून टाकतं. ‘आहेत की महिनाभराचे’ असं गृहीत धरून बसू नका. हलवायच्या संध्याकाळी देवघेव बंद झाल्यावर एक ताजा बॅकअप हाताने काढा, पेनड्राइव्हवर घ्या, आणि ती पेनड्राइव्ह त्या मुलाच्या खिशात न ठेवता तुमच्या खिशात ठेवा. नव्या मशीनवरचं कोहा जुन्यापेक्षा नवं किंवा तेवढंच असायला हवं. नव्या कोहातला डेटा जुन्यात भरता येत नाही, उलट चालतं. डेटा भरला की डेटाबेसचा साचा नव्या आवृत्तीला जुळवून घ्यायचा आणि मग शोधाची अनुक्रमणी पहिल्यापासून बांधायची.

या शेवटच्या पायरीला बहुतेक जण फसतात. कोहात शोध चालवणारं झेब्रा नावाचं इंजिन आहे. त्याला अक्षरांसाठी आयसीयू नावाची मांडणी दिली नाही, तर देवनागरी शोध धड चालत नाही. एका वाचनालयात सगळं हलवून झालं, पुस्तकांची संख्या जुळली, समितीचे सगळे खूश. मग काउंटरवरच्या बाईंनी ‘नाटक’ टाकलं आणि उत्तर आलं शून्य. मराठी वाचनालयात नाटक शून्य! इंग्रजी नावं मात्र सगळी सापडत होती. नोंदी होत्या, शोधणाऱ्याला वाचता येत नव्हत्या. नव्या इमेजमध्ये ही मांडणी आधीच आहे, पण जुनी सेटिंगची फाइल वरून ओतली की ती जाऊ शकते. म्हणून जुनी डिस्क कपाटात ठेवण्याआधी तीन गोष्टी करून बघा: एक मराठी शब्द शोधा, एक पुस्तक एका सभासदाला द्या, आणि उशिरा आलेलं एखादं पुस्तक परत घेऊन दंड बरोबर लागतो का ते पाहा.

जाता जाता, कोहा हे नाव माओरी भाषेतलं. अर्थ देणगी. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांसाठी ते लिहिलं गेलं आणि २००० सालच्या जानेवारीत सुरू झालं. तुमच्या समितीला देणगीदारांच्या फलकावर एक ओळ वाढवायला हरकत नाही.

मॅडम, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. विक्रोळीतल्या दोन शाळांना मी एक सर्व्हर बसवून दिला (ऑफलाइन धडे, मुलांची खाती, फाइल शेअर). आता आणखी पाच शाळा मागतायत. चालू सर्व्हरच्या डिस्कची इमेज काढून सगळ्यांना दिली तर चालेल का? काय काय काढून टाकायचं?
— वाचक, विक्रोळी पूर्व

अरे, चालू सर्व्हरची इमेज काढून देऊ नकोस. एक शाळा दुसऱ्या शाळेला मुलांची यादी वाटते, असा त्याचा अर्थ. ‘मी खाती पुसली आहेत’ म्हणशील, तर ऐक. फाइल डिलीट केली की यादीतून तिचं नाव जातं, डिस्कवरचा मजकूर तिथेच पडून राहतो. इमेजमध्ये रिकामी जागासुद्धा जाते. फुकट मिळणाऱ्या रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने कुणीही तो उकरून काढेल. म्हणून नेहमी कोऱ्या डिस्कवर, शक्यतो व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात), पहिल्यापासून बांधायचं, आणि बांधायची प्रत्येक पायरी स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांडींच्या फाइलीत, लिहायची. सहा महिन्यांनी नवी इमेज काढायची वेळ आली की तीच स्क्रिप्ट नव्या डेबियनवर चालवायची. हाताने बांधलेली इमेज दुसऱ्यांदा तशीच बांधता येत नाही. शेवटी रिकाम्या जागेवर शून्यं लिहून टाक. आत काही राहत नाही आणि फाइलही दाबून बरीच लहान होते.

आता माझी चूक सांगते, म्हणजे काय काढायचं ते लक्षात राहील. २०१७ चा जुलै. सकाळी दादरला एका ग्राहकाकडे गेले, लॅपटॉप त्यांच्या नेटवर्कला लावला, त्यांच्या सर्व्हरवर एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर नेटवर्कमधून काम करायची सोय) आत गेले. पत्ता १९२.१६८.१.५०, कारण आमच्या इमेजमध्ये तोच ठरवून दिलेला होता. काम उरकलं. पाऊस इतका की लोकल सायनच्या पुढे जाईनात म्हणे, पण पश्चिम चालू होती, म्हणून संध्याकाळी पार्ल्याला दुसऱ्या ग्राहकाकडे गेले. पत्ता तोच. कमांड मारली आणि सरळ आत गेले. ओल्या चपला काढत खुर्चीत बसले आणि मग डोक्यात उजेड पडला: मी आत कशी आले?

एसएसएच पहिल्यांदा ज्या मशीनशी बोलतं, त्याची किल्ली, म्हणजे त्या मशीनची ओळखखूण, लॅपटॉपवर लिहून ठेवतं. पुढच्या वेळी त्याच पत्त्यावर वेगळी किल्ली दिसली की मोठमोठ्या अक्षरांत ओरडतं की हे मशीन बदललंय, कुणीतरी मध्ये बसलं असेल. सकाळी दादरचं मशीन, संध्याकाळी पार्ल्याचं, पत्ता एकच. ओरडायला हवं होतं. ओरडलं नाही, कारण दोन्ही मशिनींची किल्ली एकच होती. मी इमेज गोठवताना तिच्यात जन्मलेल्या किल्ल्या तशाच राहिल्या होत्या, आणि त्या इमेजमधून बसलेल्या चौदाच्या चौदा सर्व्हरना त्याच मिळाल्या होत्या. एकाच्या डिस्कवरून कुणी त्या उचलल्या असत्या तर बाकी तेरा जणांकडे ‘मीच तुमचा सर्व्हर’ म्हणून उभं राहता आलं असतं. पुढचा आठवडाभर मी मुंबईभर फिरून चौदा ठिकाणी किल्ल्या बदलल्या. प्रत्येक ठिकाणी कारण सांगितलं. दोघांनी चहा दिला, एकाने करार तोडला.

तेव्हा इमेजमध्ये ओळख म्हणून जे काही असेल ते निघायला हवं आणि ग्राहकाकडे पहिल्यांदा सुरू होताना तिथेच नव्याने तयार व्हायला हवं. एसएसएचच्या होस्ट किल्ल्या तर आल्याच. मशीन-आयडीची फाइल पुसायची नाही, नुसती रिकामी करायची, मग पहिल्या बूटला (मशीन पहिल्यांदा सुरू होताना) नवा आयडी आपोआप बनतो. नाहीतर काही मांडण्यांत दोन मशिनी राउटरकडे एकच आयपी मागतात आणि तू केबल बदलत बसतोस. अपाची बसवताना डेबियन ‘स्नेकऑइल’ नावाचं एक कामचलाऊ प्रमाणपत्र बनवतं, तेही मी दोन वर्षं सगळ्यांना एकच देत होते. फूटपाथवर सांड्याचं तेल विकायला बसतात ना, नाव त्याच जातीचं आहे, आणि भरवसाही तेवढाच ठेवायचा. तुझी स्वतःची पब्लिक की, मेल पाठवायचा पासवर्ड, घरच्या वायफायचा पासवर्ड, टाइप केलेल्या कमांडींची यादी, लॉग, हे सगळं निघालं पाहिजे. कमांडींच्या यादीत लोक पासवर्ड टाइप करून ठेवतात. मीही ठेवला आहे.

आणि ठरलेला पासवर्ड देऊ नकोस. ‘अॅडमिन’चा ‘अॅडमिन’ कुणी बदलत नाही. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बनवणाऱ्यांनीही ‘पाय’ हा ठरलेला युजर एप्रिल २०२२ मध्ये काढून टाकला, आता पहिल्यांदा सुरू करतानाच नाव आणि पासवर्ड ठरवावा लागतो. टर्नकी लिनक्स हा प्रकल्प २००८ पासून अशाच तयार इमेज वाटतो. त्यांची एखादी उतरवून पहिलं बूट कसं होतं ते शांतपणे बघ. पासवर्ड विचारल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. तसंच कर.

वाटायच्या आधी त्याच इमेजमधून दोन व्हर्च्युअल मशिनी शेजारी शेजारी उभ्या कर आणि त्यांच्या किल्ल्यांचे ठसे (किल्लीवरून काढलेली छोटी रांग) पडद्यावर बाजूबाजूला ठेव. एकसारखे दिसले तर इमेज कचऱ्यात. हे मी आता दर रिलीजला करते, आणि ठसे स्वतः वाचत नाही, गाळ्यातल्या दुसऱ्या माणसाला वाचायला लावते. आपल्याला जे दिसायला हवं असतं तेच दिसतं.

फाइलीच्या नावात तारीख घाल. एकदा दिलेल्या नावाखाली दुसरी फाइल कधीही ठेवू नकोस, स्पेलिंगची चूक सुधारली असली तरी. नाहीतर पाच शाळांकडे एकाच नावाच्या तीन वेगळ्या इमेज असतील आणि फोनवर ‘तुमची कुठली?’ याला उत्तर नसेल.

तुमच्या इमेजसोबत एक छोटी फाइल येते, तिच्यात अक्षरं-आकड्यांची लांब रांग असते. आम्ही ती कधी बघत नाही. बघायलाच हवी का?
— पॅथॉलॉजी लॅब, चेंबूर

हो. ती ६४ अक्षरांची रांग म्हणजे इमेजचा एसएचए-२५६ बेरीज-ठसा. इमेजमधला एक बिट जरी बदलला तरी सगळी रांग बदलते. तुमच्याकडे उतरलेल्या फाइलीचा ठसा काढा, विंडोजवरही एका कमांडीत निघतो, आणि ताडून बघा. मोबाइल हॉटस्पॉटवर दोन जीबी उतरवताना मध्येच तुटलेली फाइल याच्यामुळेच सापडते.

पण चोराविरुद्ध नुसता ठसा पुरत नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंट या लिनक्सच्याच एका प्रकाराच्या संकेतस्थळात कुणीतरी घुसलं आणि १७.३ सिनॅमन या आवृत्तीची डाउनलोडची लिंक, चोराला आत शिरायला मागचं दार ठेवलेल्या फाइलीकडे वळवली. जो संकेतस्थळावरची फाइल बदलू शकतो, तो शेजारची ठशाची रांगही बदलू शकतो. म्हणून ठशाच्या फाइलीवर आमची जीपीजी सही (आमच्या किल्लीशिवाय करता न येणारी डिजिटल सही) असते. त्या सहीच्या किल्लीचा ठसा मी माझ्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे छापला आहे. लोक म्हणतात हा फोन नंबर कसला इतका लांब. तुमच्याकडे कार्ड आहे, टेबलाच्या काचेखाली मी पाहिलंय. उलटं करून ठेवा.

आमचं मशीन देणगीत आलेलं, जुनं आहे. डेबियनची १३वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, मग तुमची नवी इमेज १२ वर का? लोकांना मुद्दाम जुनं देता का?
— वाचक, ठाणे

मुद्दामच देते. १३, ‘ट्रिक्सी’, ९ ऑगस्ट २०२५ ला आलं. नव्या डेबियनच्या दोन दुरुस्ती-आवृत्त्या येऊन जाईपर्यंत मी त्यावर काही वाटत नाही. काउंटरवर रांग लागलेली असताना नव्या भोकांची ओळख करून घ्यायची हौस कुठल्याही ग्रंथपालाला नसते.

२९ मार्च २०२४ आठवतो का? गुड फ्रायडे होता. त्या दिवशी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केलं की एक्सझेड या, फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत कुणीतरी मागचं दार बसवलंय. त्याला ते कळलं कशावरून, तर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून. ज्यांनी डेबियनची चाचणीतली आवृत्ती घेतली होती त्यांच्यापर्यंत ते पोचलं, स्थिर आवृत्तीत ते नव्हतं. आमच्या सगळ्या इमेज स्थिरवर होत्या, म्हणून मी जेवण पुरं करू शकले. तरी खुद्द डेबियनने १२.६ ही ठरलेली दुरुस्ती-आवृत्ती पुढे ढकलली, ती २९ जूनला आली. मीही माझी एप्रिलची इमेज थांबवली होती. तेव्हाही ठाण्याहूनच फोन आला होता की उशीर का.

१३ कडे जाणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. १३ मध्ये टीएमपी हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर डिस्कवर नसून मेमरीत असतं. तुमची एखादी स्क्रिप्ट तिथे बॅकअप साठवत असेल तर मेमरी भरेल, आणि रीस्टार्टला बॅकअप गायब होईल. आमच्याच एका स्क्रिप्टमध्ये ते सापडलं, म्हणून सध्या ती दुरुस्त करतेय. दुसरं, जुन्या धाटणीच्या ३२-बिट पीसीसाठी १३ मध्ये इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. तुम्ही लिहिलंय की मशीन देणगीत आलेलं, जुनं आहे. त्यावर ‘एलएससीपीयू’ ही कमांड चालवा आणि वरच्या एक-दोन ओळी बघा. तिथे ६४-बिट लिहिलेलं असेल तर मशीन चांगलं आहे, वर बसवलेलं लिनक्सच ३२-बिटचं असेल. तेव्हा आहे त्यावर अपग्रेड मारत बसू नका, नव्या डिस्कवर ६४-बिट इमेज टाकून डेटा हलवा, वर गिरगावच्या काकांना सांगितलं तसा. नुसतंच ३२-बिट दिसलं तर १२ वर राहा आणि समितीच्या पुढच्या सभेत नव्या मशीनचा विषय घाला.